जेटीवरचा बर्फ

२१ ऑक्टोबर, सोमवार, सकाळी सव्वानऊ.
हजर: सर, मी, मदतनीस मामा, पेशंट मुलगी, मुलीची आई.
नादुरुस्त: बर्फाचं मशीन.

माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद अशी सुरू होते. नमुना घ्यायच्या दिवशी मी आधी तारीख लिहिते, मग कोण कोण हजर आहे ते, आणि त्याखाली कामांची यादी. आधी अठरा वर्षं रक्तपेढीत काढली, तिथली ही सवय. घरी फ्रिजवर यादी, पर्समध्ये यादी, कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाच्या मागे यादी. "तुझ्या यादीत माझा नंबर कितवा?" असं आमचे हे विचारतात. मी सांगते, "सिलिंडरच्या खाली, दळणाच्या वर."

आमची प्रयोगशाळा म्हणजे रुग्णालयाच्या मागच्या बाजूच्या तीन खोल्या. सर मूळ रत्नागिरीचेच, पोटाच्या विकारांचे डॉक्टर. बरीच वर्षं परदेशात राहून परत आले आणि येताना हे काम घेऊन आले. माणसाच्या आतड्याच्या अस्तराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा घ्यायचा, त्यातला नव्या पेशी तयार करणारा भाग सोडवायचा आणि काचेसारख्या ताटलीत वाढवायचा. नीट सांभाळलं तर आठवड्याभरात त्याचे बारीक पोकळ गोळे होतात, आणि त्या गोळ्यांची भिंत त्याच माणसाच्या आतड्यासारखी वागते. शास्त्रीय नाव ऑर्गनॉइड. आम्ही गोळेच म्हणतो.

हे काम रत्नागिरीत करायचं म्हणजे जिथे चपलांना, पापडांना आणि लग्नाच्या अल्बमला बुरशी येते, तिथे एका ताटलीला बुरशी येऊ द्यायची नाही. पहिल्या वर्षी आमचे दहातले सात नमुने वाया गेले. मग मी याद्या केल्या. हात कधी धुवायचे, नळीचं झाकण कुठे ठेवायचं, कोणत्या बाटलीला कोणी हात लावायचा. दुसऱ्या वर्षी दहातले दोनच वाया गेले. सर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "प्रयोगशाळा माझी नाही, यांच्या यादीची आहे." मला ते आवडायचं, हे इथे लिहून ठेवते.

मुलगी तेरा वर्षांची, आठवीतली. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, गाव संगमेश्वरच्या आत कुठेतरी, दोन एसटी बदलून यायचं. वडील मुंबईला नोकरीला. मुलीला सिस्टिक फायब्रोसिस होता. पेशीच्या भिंतीत मीठपाणी आतबाहेर करणारं एक दार असतं, ते या आजारात नीट उघडत नाही. त्यामुळे छातीत आणि आतड्यात चिकट कफ साठतो, अन्न अंगी लागत नाही, आणि छाती पुन्हा पुन्हा भरते. घाम मात्र फार खारट असतो. आईने पहिल्या भेटीतच सांगितलं होतं, "लहानपणी हिचा मुका घेतला की ओठ खारट व्हायचे. सासूबाई म्हणायच्या, समुद्रातनं आणलेली पोर हाय ही. ही डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे, असं कधी मनातच आलं नाही."

या आजारावर आता नवं औषध आहे, पण ते सगळ्यांना लागू पडत नाही. मुलीच्या पेशीतला दोष दुर्मीळ होता, औषधाच्या कागदावरच्या यादीत तो नव्हता. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "तुमच्या प्रयोगशाळेचा कागद आणा. तिच्या पेशींवर औषध चालतं एवढं दिसलं की औषध मिळवून द्यायचं मी बघतो." चाचणी समजायला सोपी आहे. गोळ्यांना औषध द्यायचं. दार उघडलं तर गोळे पाणी ओढून तासाभरात फुगतात. नाही उघडलं तर तसेच राहतात. मुलीचं पुढचं सगळं त्या फुगण्यावर होतं, आणि हे तिच्यासकट खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

बर्फ कशाला लागतो ते सांगते. सोडवलेल्या पेशी एका घट्ट रसात बसवाव्या लागतात. तो रस तुपाच्या अगदी उलट. तूप थंडीत थिजतं, हा उबेत थिजतो. म्हणून त्याची नळी पूर्ण वेळ बर्फात उभी ठेवायची. तुकड्यांच्या नळ्याही बर्फात. बर्फाचं मशीन शुक्रवारीच बंद पडलं होतं आणि दुरुस्तीचा माणूस कोल्हापूरहून बुधवारी येणार होता. मी नमुना गुरुवारवर ढकलू शकले असते. पण मायलेकी आदल्या दिवशीच येऊन नातेवाइकांकडे राहिल्या होत्या, आईने रजा टाकली होती, आणि मला ठरलेलं काम पुढे ढकलायला आवडत नाही.

"मॅडम, बर्फाचं काय घेऊन बसलात?" मामा म्हणाले. मामा आमच्याकडचे सगळ्यात जुने, निवृत्तीला आलेले. त्यांच्या भावाची मासेमारीची होडी आहे. "जेटीवर डोंगर हायत बर्फाचे. अर्ध्या तासात आणतो."

"स्वच्छ असतो ना?"

"आता बर्फ तो बर्फ. पाण्याचाच करतात, दुधाचा न्हाय."

सर पलीकडून हसले. मी यादीत "बर्फ, दोन डबे" असं लिहिलं होतं, त्यापुढे खूण केली.

डबा उघडला तेव्हा बांगड्याचा वास आला. बर्फाच्या चुऱ्यात एक खवला चमकत होता. मी तो चिमट्याने उचलला, कचऱ्यात टाकला, चिमटा स्पिरिटने पुसला आणि नळ्या बर्फात उभ्या केल्या. हे वहीत लिहिलं नाही.

सरांनी गुदद्वारावाटे चार तुकडे काढले. मुलीला दुखलं नाही, लाज मात्र वाटली, आणि ती लपवायला ती सारखी बोलत राहिली. तीन तुकडे बर्फातल्या नळ्यांत गेले. चौथ्या नळीला डब्यात जागा उरली नाही, म्हणून ती मी फ्रिजमध्ये ठेवली. दुपारपर्यंत तीन तुकड्यांचं काम संपलं. धुणं, सोडवणं, रसात मिसळणं, ताटलीत थेंब सोडणं. बर्फ वितळत होता आणि नळ्या गळ्यापर्यंत पाण्यात होत्या. मी दर वेळी नळी उचलून पुसत होते, पण झाकणाच्या आट्यांमधलं पाणी पुसायला कापड पोचत नाही. चौथा तुकडा मी जेवणानंतर केला. रसाची नवी नळी घेतली आणि तोपर्यंत डब्यात नुसतं पाणी उरलं होतं म्हणून फ्रिजमधल्या थंड केलेल्या धातूच्या ठोकळ्यात ती उभी केली.

बुधवारी मायलेकी तपासणीला आल्या होत्या. सरांनी मुलीला आत बोलावलं आणि पडद्यावर तिचे गोळे दाखवले. दोन दिवसांचे, अगदी लहान, पण गोल झालेले.

"हे माझं आतडं?"

"तुझ्या आतड्याचे गोळे. अजून तान्हे आहेत," मी म्हटलं.

"भिजवलेला साबुदाणा दिसतोय." तिने मान वाकडी करून बघितलं. "यांना जेवायला काय घालता?"

"हे लाल पाणी. एक दिवसाआड."

"मजा आहे. मला तीन वेळा, आणि प्रत्येक घासाला गोळ्या. आई, बघ, हे कसे न कुरकुरता जेवतात."

"तू गप. मॅडमना काम करू दे."

"औषध लागलं तर हे फुगणार ना? मग मी पण फुगणार?"

"तू चांगली जाडी होशील," सर म्हणाले.

"चालेल. वर्गात मला अगरबत्ती म्हणतात."

आई हसली नाही. ती पडद्याच्या इतक्या जवळ गेली की तिच्या श्वासाने पडद्यावर वाफ धरली. मग पदराने तिने ती पुसली आणि "सॉरी हां" म्हणाली.

शुक्रवारी सकाळी ताटल्या बाहेर काढल्या. लाल पाणी पिवळं झालं होतं, ताकाच्या निवळीसारखं गढूळ. सूक्ष्मदर्शकाखाली गोळ्यांच्या आजूबाजूला काड्यांसारखे जंतू पळत होते आणि एका थेंबातून बुरशीचे धागे बाहेर पडले होते. एक ताटली, दुसरी ताटली, सगळे थेंब. चौथ्या तुकड्याची छोटी ताटली वेगळ्या कप्प्यात होती. तिचं पाणी लाल होतं. तिच्यात अकरा गोळे होते.

सर आले, बसले, बघितलं.

"सगळे?"

"ही एक सोडून."

ते बराच वेळ त्या चांगल्या ताटलीकडे बघत होते. चौथा तुकडा कसा केला ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे बर्फ." मी म्हटलं, "हो." मग मी खवल्याचंही सांगितलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"वहीत लिहा," ते म्हणाले. "कुठला बर्फ होता, काय दिसलं, सगळं. आणि आईला मी सांगू की तुम्ही?"

"मी सांगते."

बिघडलेल्या ताटल्यांत जंतुनाशक ओतून त्या बांधून जाळायला पाठवाव्या लागतात. मामा पिशवी घेऊन आले, आत बघितलं आणि तिथेच उभे राहिले.

"माझंच चुकलं, मॅडम."

"तुम्ही आणलात. वापरला मी."

त्यानंतर कितीतरी दिवस मामांनी आमच्यासोबत डबा खाल्ला नाही. व्हरांड्यात पायरीवर बसून एकटे जेवायचे.

आईला मी फोन केला तो मधल्या सुट्टीच्या वेळेला. मागे मुलांचा आवाज होता. मी म्हटलं, "बाई, नमुना खराब झाला. या कामात असं कधीकधी होतं. थोडे गोळे चांगले आहेत, पण चाचणीला पुरणार नाहीत. परत घ्यावा लागेल." यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त बर्फ त्यात नव्हता.

"परत आणायचं? बरं," त्या म्हणाल्या. "सारख्या रजा मिळत नाहीत. दिवाळीची सुट्टी लागली की आणते. थांबा, ती बाजूलाच आहे, आज शाळेत गेली नाही, माझ्याबरोबर आली." पलीकडे काहीतरी बोलणं झालं. "हो म्हणते. म्हणते, या वेळी तरी नीट जेवायला घाला त्यांना."

आता अकरा गोळ्यांचं. ते मी सांभाळले. एक दिवसाआड पाणी बदलायचं, आठवड्याने गोळे मोडून त्यांचे तुकडे करायचे आणि पुन्हा नव्या रसात बसवायचे. एकाचे तीन होतात, कधी दोन, कधी एकही नाही. या मुलीच्या पेशी हळू वाढायच्या. दिवाळीतही मी येत होते. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी घरच्यांना सांगितलं, तासाभरात येते, करंज्या तळून ठेवल्यायत. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. बाहेर लवंगीच्या माळा वाजत होत्या. ताटली उजेडात धरली तर गोळे नुसत्या डोळ्यांनीही दिसायला लागले होते, पांढुरके ठिपके. मी त्यांच्याशी बोलत नाही. आमच्यातली एक मुलगी बोलायची, तिला मी थांबवलं होतं, बोलताना थुंकी उडते म्हणून. त्या दिवशी मात्र मास्कच्या आतून मी म्हटलं, "वाढा गो आता."

सुट्टीत मायलेकी आल्या नाहीत. भाऊबीजेला मुलीला ताप आला आणि छाती भरली. आधी रत्नागिरीत दाखल केलं, मग मुंबईला नेलं. दुसऱ्या नमुन्याचं मी सरांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "तिला आधी श्वास घेऊ दे." मी यादीत "दुसरा नमुना" यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. हिशेब मी मनात रोज करायची. पहिल्या ताटल्या राहिल्या असत्या तर नोव्हेंबरच्या दहा तारखेच्या आत चाचणी झाली असती. कागद मुंबईला गेला असता. औषध चालू व्हायला अजून आठवडा. म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यावर. सरांना एकदा हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "भरलेल्या छातीत त्या औषधाने काय केलं असतं ते कुणालाच सांगता येणार नाही. लागू पडतं की नाही हेच कुठे माहीत आहे?" त्यांना मला बरं वाटावं असं वाटत होतं. मी हिशेब करायचं थांबवलं नाही.

मुलगी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेली. मुंबईच्या डॉक्टरांचा निरोप सरांना सकाळी आला आणि सरांनी तो मला दारात उभं राहून सांगितला, आत आले नाहीत. सोमवार होता, पाणी बदलायचा दिवस. मी हात धुतले, ताटली काढली आणि पाणी बदललं. गोळे कधी नव्हे इतके चांगले दिसत होते. त्यांना फाटे फुटले होते, बटाट्याला कोंब फुटतात तसे. वाढ नीट चालली असल्याची ती खूण असते. त्या दिवशीच्या नोंदीत मी "वाढ: उत्तम" असं लिहिलं.

मामा मात्र मुलीच्या गावी जाऊन आले, पुण्यानुमोदनाला. बुद्धवंदना झाली, शाळेतल्या मुली आल्या होत्या, असं त्यांनी सांगितलं. मी गेले नाही. माझ्या यादीत होतं. रविवार होता, घरी गाडी होती, काही अडचण नव्हती.

सर म्हणाले, आता गोठवून ठेवा. पेशंट नसेल तर काम थांबवून पेशी गोठवायच्या, असा आमचा नियम आहे. सगळे गोळे गोळा करून एक नळी भरली. एकच. ती द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत गेली.

जानेवारीत आई आली. एकटी. जिल्हा परिषदेत शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, ते संपवून आली होती. खांद्यावर कापडी पिशवी, गळ्यात ओळखपत्र अजून लटकत होतं. मी पाणी दिलं. त्यांनी ते हातात धरून ठेवलं.

"तिचं काही आहे का इथे अजून?"

"आहे."

"बघता येईल?"

"गोठवलेलं आहे, बाई. दिसणार असं काही नाही. नळी आहे."

"नळी दाखवा."

मी हातमोजे घातले, टाकीचं झाकण काढलं. पांढरी वाफ बाहेर आली आणि जमिनीवर पसरली. मी कप्पा वर उचलला आणि त्यातल्या एका झाकणाकडे बोट दाखवलं. जास्त वेळ बाहेर ठेवता येत नाही, म्हणून लगेच खाली सोडला.

"नाव नाही लिहिलं?"

"नावं लिहीत नाही आम्ही. नंबर असतो."

"हजेरीपटावर पण नंबरानेच पुकारतात," त्या म्हणाल्या. "जिवंत आहे का ते?"

"पेशी आहेत. बाहेर काढून ऊब दिली, खायला घातलं, तर वाढतात. बहुतेक वेळा."

त्या स्टुलावर बसल्या. मीही समोर बसले. ठरवलं नव्हतं, पण त्यांनी हातातलं पाणी प्यायला सुरुवात केली आणि मला वाटलं, हे संपलं की या उठतील आणि जातील.

"बाई, मला एक सांगायचं आहे. ऑक्टोबरात नमुना खराब झाला, तो आपोआप नाही झाला." आणि मी सांगितलं. मशीन, जेटी, बांगड्याचा वास, खवला, चिमटा. मामांनी आणला हे सांगितलं नाही, मी मागवला एवढंच म्हटलं.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "त्या बर्फातला मासा आम्ही घरी आणला की तीन पाण्यांनी धुतो, मॅडम. मग त्याला मीठ-हळद लावतो. मग चुलीवर ठेवतो."

मी हातातले मोजे काढले.

"तेव्हा का नाही सांगितलंत?"

"धीर झाला नाही."

"माझ्या वर्गातली पोरं काच फोडतात ना, ती पण तेच सांगतात. बाई, काच फुटली." त्यांनी रिकामा पेला टेबलावर ठेवला. "त्यांना मी उभं करते. तुम्हाला काय करू?"

बाहेर मामा झाडू मारत होते, ते थांबले. त्यांना ऐकू गेलं असणार.

आईने विचारलं, "त्या एका नळीवर चाचणी होईल?"

"वाढवून घेतली तर होईल. महिनाभर लागेल. पण आता..."

"कळून काय उपयोग, असंच ना? घरी सगळे तेच म्हणतात. तिचे वडील म्हणतात, सोड आता." त्या उठल्या नाहीत, आवाजही चढला नाही. वर्गात पुन्हा एकदा समजावून सांगतात, तसा होता. "औषध तिला लागलंच नसतं असं निघालं, तर मला रात्री झोप येईल. लागलं असतं असं निघालं, तर तुमच्याकडे कसं बघायचं ते मी ठरवीन. पण ठरवणार मी. तुम्ही नाही, सर नाहीत, तिचे वडीलही नाहीत. त्याला मला कागद लागतो. तिच्यासाठी देणार होतात ना, तोच द्या."

सरांना मी विचारलं. ते म्हणाले, "त्यांचा हक्क आहे. करा." आईने नवं संमतिपत्र ओळ न् ओळ वाचून सही केली. जाताना दारात म्हणाल्या, "मी विचारायला फोन करणार नाही. शाळा आहे मला. झालं की तुम्ही या. फोनवर सांगू नका."

"येते," मी म्हटलं. "फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत."

फेब्रुवारीत वाढीच्या पाण्यातला एक घटक संपला होता, तो मागवावा लागला. मार्चमध्ये आला. मार्चमध्ये तपासणीचं पथक येणार होतं, त्याची कागदपत्रं होती. एप्रिलमध्ये दुसऱ्या एका पेशंटचे गोळे चाचणीला आले आणि उबवणीच्या कपाटात जागा नव्हती. मेमध्ये वीज सारखी जात होती, अशा वेळी एकुलती एक नळी काढणं धोक्याचं होतं. यातलं एकही कारण खोटं नाही. सगळं वहीत आहे.

जूनमध्ये सरांनी एकदाच विचारलं, "ते काढलंत?" मी म्हटलं, "या आठवड्यात." त्यांनी मान हलवली. दुसऱ्या कोणाला काम देऊ का, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं.

घरी ह्यांना मी सगळं सांगितलं आहे. भाजी निवडता निवडता सांगितलं. ते म्हणाले, "मग एकदाचं करून टाक ना. तू कसली काम अंगावर ठेवणारी." मी म्हटलं, करते.

गोळे फुगले तर मला त्या गावी जाऊन, त्या घरात बसून, आईच्या हातात कागद द्यायचा आहे. ते मी करू शकेन, असं वाटतं. मला भीती आहे ती दुसरी. गोळे फुगले नाहीत तर मला हायसं वाटेल. औषध त्या पोरीला लागू पडलं नसतं, हे ताटलीत बघून मला बरं वाटेल. मला कोणतं उत्तर हवं आहे हे मला पक्कं माहीत आहे, आणि ते मनात धरून मी तिच्या पेशींपुढे बसणार. अठ्ठावीस वर्षं मी नमुने हाताळते आहे. एकाही नमुन्याकडून मी कधी काही मागितलं नव्हतं.

आज जुलैचा दुसरा सोमवार. हजर: मी, मामा. सर बाहेरगावी. सकाळपासून वाढीचं पाणी तयार केलं, ते या महिनाअखेरपर्यंत चालेल. गोठवलेला रस फ्रिजमध्ये वितळायला ठेवला. ताटल्या उबेला लावल्या. मुंबईहून आलेली औषधाची कुपी आहे, तिच्यावरची तारीख बघून घेतली. कपाटात एक अख्खा कप्पा मोकळा केला. मामांनी विचारलं, "आज काढायची काय, मॅडम?" मी म्हटलं, जेवून घेऊ.

जेवण झालं. दुपारचे तीन वाजलेत. नळी टाकीतून काढून कोमट पाण्यात धरायची, दीड मिनिट. मी अजून टाकीचं झाकण उघडलेलं नाही.